हादरा बाहेर, झीज आत

जुन्या मोटारीचे इंजिन नव्याने बांधताना चारही पिस्टन वजनकाट्यावर ठेवायचे आणि अर्ध्या ग्रॅमचा फरकही घासून काढायचा, असे करणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांच्या चिकाटीबद्दल आदर बाळगूनही म्हणावेसे वाटते, की त्यांतले बरेच जण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. बॅलन्सिंग केले की गाडीची थरथर जाते, अशी त्यामागची समजूत असते. चार सिलिंडरच्या जुन्या इंजिनाची बरीचशी थरथर त्याच्या रचनेतच असते आणि ती कोणत्याही वजनकाट्याने जाणार नाही. संतुलन करायचे ते आतल्या बेअरिंगांचे आयुष्य वाढावे म्हणून. हे एकदा पटले की कोणता भाग आधी तपासायचा, पैसे कुठे घालायचे आणि हात कुठे आखडायचा, याचा क्रमच बदलतो.

उदाहरण म्हणून फोर्डचे 'मॉडेल ए' घेऊ. 1919 ते 1930 या काळातल्या गाडीला ब्रिटनमध्ये 'विंटेज' म्हणण्याचा प्रघात आहे, आणि 1927च्या अखेरीस बाजारात आलेली ही गाडी त्या काळाचा चांगला नमुना आहे. तिचे उत्पादन 48 लाखांच्या आसपास झाले, त्यामुळे आजही ती हजारोंच्या संख्येने चालू स्थितीत आहे. इंजिन 3.3 लिटरचे, ताकद 40 अश्वशक्ती, तीही मिनिटाला अवघ्या 2200 फेऱ्यांना. पिस्टनची वरखाली धाव 108 मिलिमीटर. लांबलचक क्रँकशाफ्टला आधार फक्त तीन बेअरिंगांचा, आणि ती बेअरिंगे आजच्यासारखी दुकानातून आणून बसवायची शेल नव्हेत. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मिश्रधातू, म्हणजे व्हाइट मेटल, वितळवून थेट ब्लॉकमध्ये आणि कनेक्टिंग रॉडमध्ये ओतायचा आणि मग बोअर करून मापात आणायचा, अशी ती पद्धत. हा धातू मऊ असतो. तेलातला कचरा तो पोटात घेतो, तेल कमी पडले तरी शाफ्टला लगेच ओरखडत नाही. पण सतत ठोके बसत राहिले तर त्याला बारीक भेगांचे जाळे पडते आणि पुढे त्याच्या खपल्या निघू लागतात. नव्याने व्हाइट मेटल ओतून देणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. अशा इंजिनात सर्वांत जपायची गोष्ट कोणती, हे यावरून ठरते.

आता दहा ग्रॅमचा हिशेब करू. समजा एक पिस्टन इतरांपेक्षा दहा ग्रॅमने जड आहे. इंजिन 2200 फेऱ्यांनी फिरत असताना, म्हणजे गाडी ताशी 80 किलोमीटरच्या आसपास धावत असताना, या दहा ग्रॅमचा झटका जवळजवळ तीन किलोंचा होतो आणि तो सेकंदाला 37 वेळा बसतो. ऐकायला हे मोठे वाटते. पण त्याच इंजिनात रचनेमुळेच निर्माण होणारा दुसरा एक हादरा आहे. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, म्हणून सगळे आपोआप तोलले जात असावे असे वाटते. प्रत्यक्षात कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने क्रँक सर्वांत वर असल्यापासूनच्या पहिल्या पाव फेरीत पिस्टन आपल्या धावेपैकी 57 टक्के अंतर कापतो आणि पुढच्या पाव फेरीत उरलेले 43 टक्के. त्यामुळे वरच्या जोडीचा आणि खालच्या जोडीचा वेग फेरीभर जुळून राहत नाही. प्रत्येक पिस्टनचे, त्याला रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनचे आणि रॉडच्या वरच्या टोकाचे मिळून वजन एक किलो धरले, तर या तफावतीतून 2200 फेऱ्यांना सव्वातीनशे किलोंहून अधिक जोराचा हादरा तयार होतो, सेकंदाला 73 वेळा. पिस्टनचे वजन तंतोतंत जुळवले तरी त्यात तसूभरही घट होत नाही.

इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने पहिल्या महायुद्धाआधीच यावर उपाय शोधला होता: इंजिनाच्या दुप्पट वेगाने एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन जड शाफ्ट. तो खर्चिक असल्याने फारसा रुजला नाही. 1970च्या दशकात मित्सुबिशीने तो पुन्हा वर आणला आणि पुढे पोर्शेने 944 मॉडेलसाठी त्याचा परवाना घेतला. फोर्डच्या प्रतिस्पर्ध्यांनी वेगळ्या वाटा धरल्या. शेव्हरोलेने 1929च्या मॉडेलसाठी सहा सिलिंडरचे इंजिन काढले आणि 'चाराच्या किमतीत सहा' अशी त्याची जाहिरात केली. एका रांगेतल्या सहा सिलिंडरमध्ये हे हादरे एकमेकांना पुरते छाटतात. प्लिमथने 1931 मध्ये चारच सिलिंडर ठेवून इंजिन रबरी आधारांवर अलगद टांगले, म्हणजे थरथर इंजिनापाशीच राहावी आणि बसणाऱ्यापर्यंत पोचू नये. हे दोन्ही उपाय गिऱ्हाइकाच्या सुखासाठी होते. प्लिमथच्या रबराने इंजिनातल्या एकाही बेअरिंगचा भार हलका झाला नाही. शेव्हरोलेचे ते सहा सिलिंडरही तीनच मुख्य बेअरिंगांवर उभे होते. बाहेरून बघावे तर इंजिन शांत, आणि आत मात्र दोन बेअरिंगांमधला क्रँकशाफ्टचा लांब भाग दर फेरीला वाकत होता.

मॉडेल ए मध्येही हे आतले वाकणे ठळक आहे. तिच्या नेहमीच्या क्रँकशाफ्टला प्रतिभार नाहीत, म्हणजे क्रँकपिनच्या (रॉडचे खालचे टोक जिच्यावर बसते त्या पिनच्या) विरुद्ध बाजूला तोलासाठी दिलेले जाड पंखे नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे क्रँकपिन एकाच दिशेला, मधल्या बेअरिंगच्या दोन बाजूंना. प्रत्येकाचे फिरणारे वजन दोन किलो धरले तरी 2200 फेऱ्यांना एकेक पिन जवळजवळ 580 किलोंच्या जोराने बाहेर ओढत असते. पहिला आणि चौथा पिन तेवढाच जोर उलट दिशेला लावतात, त्यामुळे सगळी बेरीज शून्य होते आणि गाडीत बसलेल्याला काहीच कळत नाही. मधल्या बेअरिंगला मात्र सगळे कळते. हा भार वजने जुळवून कमी होत नाही. त्यासाठी प्रतिभार असलेला क्रँकशाफ्टच हवा. तो आज तयार मिळतो आणि ज्याला गाडी लांब पल्ल्याला न्यायची आहे त्याने, माझ्या मते, नव्या पिस्टनांआधी त्याचा विचार करावा.

जुना क्रँकशाफ्टच ठेवायचा असेल तर पहिले लक्ष फ्लायव्हीलकडे, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकावरच्या जड चाकाकडे द्यावे. त्याचे वजन 25 किलोंपेक्षा जास्त असते. समजा त्याचा गुरुत्वमध्य आसापासून अवघा 0.3 मिलिमीटर सरकलेला आहे. तेवढ्याने 2200 फेऱ्यांना 40 किलोंचा फिरता झटका तयार होतो, म्हणजे त्या जड पिस्टनच्या तेरा-चौदा पट. शिवाय फ्लायव्हील शेवटच्या बेअरिंगच्या बाहेर लटकलेले असते, त्यामुळे त्याची तरफ होऊन मागच्या बेअरिंगवर याहूनही जास्त भार येतो. समजा कारखान्यातून निघताना सगळे ठाकठीक होते; त्यानंतरच्या नव्वद वर्षांत त्यावर नवी रिंग गिअर चढली, क्लचची बाजू लेथवर घासली गेली, प्रेशर प्लेट दुसऱ्याच गाडीची आली, एखादा कनेक्टिंग रॉड मोडीतून आणला गेला. मूळचा तोल शिल्लक असेल असे मानायला काही आधार उरत नाही.

फ्लायव्हील पसरट असते, म्हणून त्याचा तोल एका प्रतलात साधला तरी भागते. क्रँकशाफ्टचे तसे नाही. लाटण्याच्या एका टोकाला वरून आणि दुसऱ्या टोकाला खालून सारखेच शिसे चिकटवले, तर ते दोन सुऱ्यांच्या धारेवर कुठेही थांबेल, म्हणजे संतुलित वाटेल; पण वेगाने फिरवले की दोन्ही टोके डगडगतील. क्रँकशाफ्ट यंत्रावर फिरवून दोन्ही टोकांना वेगवेगळे मोजावे लागते ते यासाठीच. ते साधले की त्यावर आधी फ्लायव्हील आणि मग प्रेशर प्लेट चढवून प्रत्येक वेळी पुन्हा मोजायचे. रॉडची टोके स्वतंत्र तोलायची, कारण खालचे टोक गोल फिरते आणि वरचे पिस्टनसोबत वरखाली होते. एकूण वजन सारखे असूनही दोन रॉड वेगळे वागू शकतात. पिस्टनची पाळी सगळ्यांत शेवटी.

यावर जाणकार माणूस एक रास्त शंका काढेल. सिलिंडरमधल्या स्फोटाचा पिस्टनवरचा जोर हजार किलोंच्या पुढे जातो. तिथे चाळीस किलोंची काय कथा? पण तो जोर क्षणभराचा असतो, वरून खाली येतो, आणि इंजिनाचा वेग दुप्पट झाला म्हणून तो चौपट होत नाही. असंतुलनाचा झटका नेमका तसा वाढतो: 2200 फेऱ्यांना 40 किलो असलेला 3300 फेऱ्यांना 90 होतो. शिवाय तो दिशा बदलत फिरतो, पण शाफ्टवर त्याची जागा ठरलेली असते, त्यामुळे शाफ्टची तीच बाजू दर फेरीला बेअरिंगमधले तेलाचे पातळ आवरण दाबत राहते. एकट्या या झटक्याने बेअरिंग फुटेल असा दावा मी करणार नाही. आधीच भाराखाली असलेल्या मऊ धातूवर विनाकारण पडणारा हा वाढीव बोजा आहे, आणि सगळ्या बोजांपैकी तोच एक स्वस्तात काढता येतो.

'नव्वद वर्षे बॅलन्सिंगशिवाय चाललीच ना गाडी?' हा दुसरा आक्षेप. चालली, पण कितीदा उघडून चालली हे कोणी मोजलेले नसते. बेअरिंगच्या टोप्यांखाली कारखान्यातूनच पातळ पत्र्याच्या शिम दिलेल्या असत, ढिलाई आली की एक पत्रा काढून टोपी पुन्हा आवळण्यासाठी. झीज होणारच, हे धरूनच इंजिन बनवलेले होते. त्या काळच्या रस्त्यांवर सतत 80च्या वेगाने तासन्‌तास जाण्याची वेळही क्वचितच येई. आज महामार्गावर मागून ट्रक येत असताना मालक नेमके तेच करतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: ऐतिहासिक भागातून कापलेला धातू परत येत नाही. म्हणून धातू काढायचाच तर तो फ्लायव्हीलच्या कडेला आखूड भोके पाडून, रॉडच्या टोपीवरच्या जाड पट्टीतून, पिस्टनच्या आतल्या बाजूने काढावा. रॉडच्या दांड्याला कानस लावू नये, कारण तिथला ओरखडा पुढे तड्याची सुरुवात ठरतो. सर्वांत हलका भाग मापदंड धरला तर बाकीच्यांतून जास्त धातू जातो, म्हणून शक्य तिथे दुसरा जुळणारा रॉड शोधणे बरे. जी गाडी संग्रहालयात उभीच राहणार आहे तिच्या क्रँकशाफ्टला हातही लावू नये. आणि जी धावणार आहे तिचा क्रँकशाफ्ट बॅलन्सिंगच्या यंत्रावर चढवण्याआधी चुंबकीय तपासणीने तडे बघून घ्यावेत, मग ग्राइंडिंग करावे, तोल त्यानंतर. ग्राइंडिंग आधी न उरकल्यास केलेला तोल पुन्हा बिघडतो. शेवटी फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर पंचाने खुणा कराव्यात, म्हणजे पुढच्या वेळी क्लच बदलणारा मेस्त्री प्लेट एक भोक पुढे-मागे करून बसवणार नाही.