सहाचं विमान, आदल्या दिवशीची एसटी

‘सर, पेमेंट कसं करणार? कार्ड की यूपीआय?’

रिसेप्शनवरच्या मुलाने अगदी गोड आवाजात विचारलं. रविवारची रात्र, साडेआठ वाजलेले. नागपूरच्या वर्धा रोडवरचं, एअरपोर्टजवळचं हॉटेल. माझ्या खांद्यावर कॉलेजचीच सॅक, हातात कपाशीच्या ट्रायलच्या नोंदींची फाइल आणि खात्यात 1,340 रुपये. पहिला पगार व्हायला अजून अकरा दिवस होते.

‘रूम कंपनीने बुक केलीये ना,’ मी म्हणालो.

‘बुकिंग आहे सर, पेमेंट नाहीये. 4,200 प्लस 5 टक्के जीएसटी, म्हणजे 4,410. आणि 2,000 डिपॉझिट. ते सकाळी परत मिळेल.’

मी मान डोलवली. जणू खिशात आहेतच, फक्त कुठल्या खिशात ते आठवत नाहीये.

मी बीएस्सी ॲग्री झालेला, बियाण्यांच्या एका कंपनीत नुकताच चिकटलेला पोरगा. गाव हिवरखेड. सोमवारी सकाळी बंगळुरूला मीटिंग होती आणि सहाचं विमान नागपूरहून होतं. मोठ्या शहरातल्या माणसाला एअरपोर्टजवळचं हॉटेल लागतं ते फ्लाइट चुकली किंवा लांबली तर. आपल्याकडे फ्लाइट गाठायचीच असेल तर ते लागतं. हिशोब करून बघा. सकाळी दहाला गावातून एसटी. अकोटला उतरा, अकोल्याची गाडी धरा. अकोल्याहून नागपूर रेल्वेने अडीचशे किलोमीटर. नागपूर स्टेशनवरून मेट्रो, सीताबर्डीला बदलून एअरपोर्टकडे. एवढं करून विमानात बसायचं ते पावणेदोन तास!

आमच्या गावाला रेल्वे नव्हती असं नाही. अकोला-खंडवा मीटरगेजवर हिवरखेड स्टेशन होतं. गेज बदलायला म्हणून 2017 च्या जानेवारीत ती लाइन बंद झाली. अकोला-अकोट टप्प्यावर 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. पुढचा मार्ग मेळघाटच्या वाघांमुळे बदलला आणि आम्ही वाट बघतोय. अकोल्याला शिवणीचं विमानतळ आहे, पण धावपट्टी तोकडी, नेहमीची प्रवासी विमानं नाहीत. अमरावतीच्या बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं विमान सुरू झालं, त्याचा आनंदच आहे, पण बंगळुरूला जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

‘रातच्या गाडीनं जाय ना, तीन वाजता पोचशीन,’ असं बाबा म्हणाले होते. पण विमानाचं काउंटर तासभर आधी बंद होतं आणि आपल्या गाड्या कधी किती लेट होतील याची गॅरंटी कोण देणार? पहाटे मेट्रोही नसते. म्हणून ही 4,410 रुपयांची रात्र.

तर काउंटर. एचआरला फोन लावला, उचलला नाही. मॅनेजरचा स्विच ऑफ. मागे दोन जण येऊन उभे राहिले, ट्रॉली बॅगावाले. एकाने कार्ड टेकवलं, सही केली, चावी घेतली, गेला. दीड मिनिट. मला एकदम घाम फुटला.

रिसेप्शनवाल्याने माझं आधार कार्ड पुन्हा हातात घेतलं. पत्ता वाचला.

‘हिवरखेड? तेल्हाऱ्याजवळचं का मोर्शीवालं?’

दोन हिवरखेड आहेत हे ज्याला माहीत आहे तो माणूस वऱ्हाडाबाहेरचा असूच शकत नाही.

‘तेल्हाऱ्याजवळचं.’

‘मी दर्यापूरचा. बसा भाऊ दोन मिनिटं, टेन्शन नका घेऊ. पाह्यतो मी.’

‘सर’चा ‘भाऊ’ झाला. दोन मिनिटांची पस्तीस झाली. तेवढा वेळ मी लॉबीतल्या सोफ्यावर अर्धाच बसून होतो. पूर्ण बसलो तर कोणी उठवेल असं वाटत होतं.

गोष्ट अशी होती. कंपनीने ‘बिल टू कंपनी’ असा मेल शुक्रवारीच पाठवला होता. म्हणजे खोलीचे पैसे पाहुण्याकडून घ्यायचे नाहीत, बिल थेट कंपनीकडे पाठवायचं. पण तो मेल गेला होता हॉटेलच्या सेल्स विभागाकडे, आणि सेल्सवाल्यांना रविवारची सुट्टी. रिसेप्शनच्या स्क्रीनवर तेवढंच दिसतं जेवढं कोणीतरी टाइप केलेलं असतं. त्याने सेल्सच्या मॅडमला घरी फोन करून मेल शोधायला लावला, तेव्हा कुठे चावीचं कार्ड माझ्या हातात आलं.

हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. इंटरव्ह्यूला टाय कसा बांधायचा यावर वर्कशॉप झालं होतं. मेलची कॉपी स्वतःच्या फोनमध्ये ठेव, त्यात खोली, नाश्ता, जेवण यांतलं काय कंपनी देणार ते लिहून घे, निघण्याआधी हॉटेलला फोन करून ‘पेमेंट कोण करतंय’ एवढं विचार, हे कोणी सांगितलं नाही. आणि बिलावर कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर आहे का ते बघूनच निघ. नाहीतर अकाउंटवाले क्लेम परत पाठवतात. (तो 5 टक्क्यांचा आकडाही नवा आहे. रोज 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर आधी 12 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 झाला. त्यावरच्या खोलीला 18.)

खोलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कार्ड भिंतीवरच्या खाचेत घातलं की दिवे लागतात, हे मला अंधारात पाच मिनिटं चाचपडल्यावर कळलं. पांढरी गादी, चार उशा. एका माणसाला चार कशाला?

बाबांचा फोन आला.

‘जेवला काय?’

‘हाव. आईनं देलेल्या दशम्या होत्या.’

‘किती पैसे घेतले?’

सांगितले. पलीकडे शांतता. मग, ‘एका रातचे? काहून, सोन्याचा पलंग हाय काय?’

कंपनी देते म्हटल्यावर ते म्हणाले, ‘मंग नीट झोप. पैसे वसूल कर.’

झोप कुठली. टेबलावर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, त्या फुकट की बिलावर, हे कळेना. दीड वाजता शेवटी खाली गेलो. पाणी विचारायला. दर्यापूरवाला एकटाच कॉम्प्युटरवर बसलेला. रात्रपाळीचा मुलगा आला नाही म्हणून याची डबल शिफ्ट.

‘टेबलावरच्या दोन फ्री. फ्रिजमधलं काही घेतलं तर बिलावर येते,’ तो म्हणाला. हसला नाही. त्यासाठी मी त्याचा आजन्म ऋणी आहे.

तो नाइट ऑडिट करत होता. दिवसभराची सगळी बिलं, खोल्या, जमा पैसे जुळवायचे आणि मग सिस्टीममध्ये तारीख पुढे ढकलायची. ‘हॉटेलात बारा वाजता तारीख बदलत नाही. मी बदलवीन तेव्हा बदलते,’ तो म्हणाला. ‘बाहेर सोमवार लागला, आत आजून रविवारच हाय.’ बारावीनंतर त्याने हॉटेल मॅनेजमेंट केलं. मनीषनगरला तिघं मिळून खोली करून राहतात. हॉटेलात इतकी वर्षं काढून विमानात मात्र एकदाही बसलेला नाही.

त्याच वेळी बाहेर बस थांबली आणि तीसेक माणसं चिडलेल्या चेहऱ्यांनी आत आली. रात्रीचं विमान सकाळवर गेलेलं. लेकरं पेंगुळलेली, एक आजी व्हीलचेअरवर. यांच्या खोल्यांचे पैसे विमान कंपनी देणार होती. डीजीसीएचा नियमच आहे. विमान रात्री 8 ते पहाटे 3 दरम्यान सुटणारं असेल आणि सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल, किंवा कुठल्याही वेळच्या विमानाला 24 तासांपेक्षा जास्त उशीर असेल, तर प्रवाशांची हॉटेलची सोय कंपनीने करायची. तुमच्यावर अशी वेळ आली तर गप्प बसून राहू नका, काउंटरवर जाऊन विचारा. मी मागे सरकून बसलो आणि दर्यापूरवाल्याला बघत राहिलो. तीस आधार कार्डं, तीस प्रश्न, दोन भांडणं. आवाज एकदाही चढला नाही.

आपल्या नागपूरला रात्रीचे अडकलेले प्रवासी नवे नाहीत म्हणा. 1949 मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास या चारही शहरांहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला एकत्र यायची. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी इकडचे तिकडे व्हायचे आणि विमानं आपापल्या गावी परत. पुढे वीसेक वर्षं हे चाललं. देशाच्या मधोमध असण्याचा फायदा. म्हणजे दीड-दोन वाजता डोळे चोळत बसलेली माणसं या भागाने सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीही पाहिली आहेत.

चार वाजता रूममधला फोन वाजला. ‘भाऊ, उठा. गाडी सव्वाचारला.’ नाश्ता साडेसहाला सुरू होतो, पण पहाटे निघणाऱ्याला डबा बांधून देतात, मागितला तर. मी मागितला नव्हता. काउंटरवर ठेवलेला होता. सँडविच, केळं, उकडलेली दोन अंडी. बिलावर सही केली. जीएसटी नंबर बघितला, बरोबर होता. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि शिफ्ट संपायला अजून तीन तास होते.

‘मीटिंग काहाची हाय?’ त्याने विचारलं.

‘कपाशीच्या ट्रायलची. आपल्याकडचे आकडे दाखवायचे.’

‘बोंडअळीचं नीट सांगजा. आमच्या वावरात मागच्या साली काहीच राह्यलं नव्हतं.’

मीटिंगमध्ये मला बारा मिनिटं मिळाली. सात मिनिटं मी बोंडअळीवर बोललो.

पुढच्या महिन्यात परत जायचंय, तेच हॉटेल, तेच विमान. या वेळी मेलची प्रिंट काढून फाइलमध्ये लावलीये. फाइलच्या मागच्या कप्प्यात बाबांनी 500 च्या चार नोटा सरकवल्यात. कंपनी देते, मेल आहे, असं तीनदा सांगितलं, तरी त्या काढू देत नाहीयेत.