मेंदूच्या दाबाची नोंदवही

सावद्यावरून जाणाऱ्या बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्गावर एखाद्या मोटारसायकलस्वाराच्या डोक्याला मार लागला असे समजू. जवळच्या दवाखान्यात त्याच्या शुद्धीला गुण दिले जातात. 1974 साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी मांडलेल्या या मापात कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 15 गुण असतात. समजा, त्याला 13 गुण मिळाले. भुसावळमार्गे जळगावला पोहोचल्यावर ते 9 झाले. पहिल्या आकड्याशेजारी वेळ लिहिलेली नसेल, तर ही घसरण अर्ध्या तासातली की चार तासांतली, हे कसे कळणार? वेळ नसलेला आकडा अर्धाच असतो.

मोठ्या रुग्णालयाच्या मेंदू अतिदक्षता विभागात हाच प्रश्न फार मोठा होतो. कवटी हाडाची असल्याने ताणली जात नाही. आत सूज आली की दाब वाढतो. निरोगी प्रौढाच्या कवटीत आडव्या स्थितीत तो पाऱ्याच्या साधारण 5 ते 15 मिलिमीटर असतो. 2016 सालच्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार 22 च्या वर उपचार करावेत. सरासरी रक्तदाबातून हा दाब वजा केला की मेंदूकडे रक्त ढकलणारा दाब मिळतो. 90 मधून 20 गेले तर 70 उरतात, 40 गेले तर 50. साधारणपणे तो 60 ते 70 च्या दरम्यान राखतात.

स्वीडनच्या नील्स लुंडबर्ग यांनी 1960 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा दाब सतत कागदावर उमटवला होता. काही रुग्णांत तो एकाएकी 50 किंवा त्याहून वर चढे, 5 ते 20 मिनिटे तेथेच राही आणि उतरे. आता दर तासाला एक आकडा लिहिणारा तक्ता घ्या. दाब 10 वाजून 20 मिनिटांनी चढला आणि 10.35 ला उतरला, तर 10 आणि 11 वाजताच्या दोन्ही नोंदी निर्धोक दिसतील.

मग सगळेच साठवावे का? दाबाची लहर सेकंदाला 125 वेळा मोजली, तर दिवसाला 1,08,00,000 आकडे होतात. प्रत्येकी दोन बाइट धरले तर 2 कोटी 16 लाख बाइट. मेंदूच्या विद्युत आलेखाच्या 21 वाहिन्या सेकंदाला 256 वेळा नोंदल्या, तर दिवसाला सुमारे 93 कोटी बाइट लागतात. आज एवढी जागा स्वस्तात मिळते. अडचण आहे ती हवे ते सापडण्याची.

म्हणून माहितीचे तीन थर करतात: मूळ लहरी, त्यांतून काढलेले दर मिनिटाचे आकडे आणि घटना. कूस बदलली, औषध दिले, नळी उघडली, या सगळ्या घटना. घटनांची नोंद नसेल, तर खोकल्याने चढलेला दाब आणि सुजेने चढलेला दाब वेगळे ओळखता येत नाहीत. नळी निघाली असेल तेव्हा शून्य न लिहिता जागा रिकामी ठेवायची. नाहीतर सरासरी फसवते. रुग्णाचे नाव वेगळे ठेवून नोंदींवर फक्त क्रमांक घालायचा.

या तिन्ही थरांना जोडणारा धागा म्हणजे घड्याळ. मॉनिटर, व्हेंटिलेटर आणि औषधाचा पंप यांची घड्याळे वेगवेगळी असतात. पंपाचे घड्याळ चार मिनिटे मागे असेल, तर दाब उतरल्यावर दिलेले औषध नोंदीत आधी दिल्यासारखे दिसेल आणि त्याला नसलेले यश मिळेल. पुढच्या रुग्णाला तेच औषध त्या भरवशावर दिले जाईल.

वर्गात हे सहज दाखवता येईल. निरोगी विद्यार्थ्याची नाडी दर मिनिटाला, दहा मिनिटे मोजा. तिसऱ्या मिनिटाला त्याला पटांगणावर धावायला सांगा. एका गटाने सर्व आकडे वेळेसह लिहावेत, दुसऱ्याने फक्त पहिला आणि शेवटचा. दोन्ही आलेख फळ्यावर शेजारी काढा. धावणे कोणत्या आलेखात दिसते, ते विद्यार्थीच सांगतील.