ताप आला, तर सांगायचं का?

2020 च्या उन्हाळ्यात आमच्या सदरमधल्या कितीतरी घरांत हा प्रश्न हळू आवाजात विचारला जात होता. कोविडची भीती होतीच, पण दारात गाडी येईल आणि सगळी गल्ली पाहील, ही भीती त्याहून मोठी. शेजारच्या सिव्हिल लाइन्समधलं आमदार निवास, एरवी अधिवेशनात गजबजणारं, त्या वर्षी विलगीकरण केंद्र झालं होतं. सतरंजीपुरा, मोमिनपुरा या भागांतून तर घरंच्या घरं अशा केंद्रांत हलवली गेली. माझी शेजारीण म्हणाली, "मी गेली तर पोरं कोणापाशी ठेवू? न् सासूबाईंच्या इन्सुलिनचं कोन पाहीन?"

व्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला भाषणं आणि मोर्चे आठवतात. टाळेबंदीत पुरुषमंडळींना आठवला तो बंद पडलेला पानठेला आणि सकाळचं फिरणं. बाईपुढचा प्रश्न निराळा होता. घरात कोणाला कणकण आहे, कोणाच्या जेवणाची चव गेली, हे पहिल्यांदा तिलाच कळतं. मग ते सांगायचं की झाकायचं, हेही तिनंच ठरवायचं. सगळ्या गावाची सुरक्षितता शेवटी तिच्या या एका निर्णयावर येऊन थांबते. सरकारी पत्रकांत मात्र याचा कुठे उल्लेख नसतो!

असाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या बायकांना पडला होता. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. 4 फेब्रुवारी 1897 रोजी सरकारनं साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांचा, पण अधिकार अफाट. (2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारनं याच जुन्या कायद्याचा आधार घेतला.) पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर शिरू लागले. माजघर, देवघर काही पाहायचं नाही. बायकांनाही परके पुरुष उघड्यावर तपासतात, अशा तक्रारी आल्या. प्लेगच्या रुग्णालयात बायकांची व्यवस्था कशी आहे, याबद्दल पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला जाब विचारला. लोकांनी काय केलं? रोगी घरातच लपवायला सुरुवात केली. ज्या उपायानं साथ आटोक्यात यायची, त्याच्याच धाकानं ती घराघरांत दडून बसली. पुढचं आपण शाळेत शिकलोच आहोत: 22 जून 1897 ची रात्र, चापेकर बंधू आणि गणेशखिंडीचा रस्ता.

पण त्याच पुण्याजवळ, त्याच महिन्यांत सावित्रीबाई फुलेही काम करत होत्या. मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात त्या रोगी आणवीत, स्वतः उचलून आणीत, शुश्रूषा करीत. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. पाहा ना, रोग्याला घरातून हलवायचं काम रँडच्या शिपायांनीही केलं आणि सावित्रीबाईंनीही. एकांना पाहून दारं लागली, दुसरीच्या हाती आयांनी आपली पोरं दिली.

आमच्या शाळेतल्या काही बाईंना 2020 मध्ये घरोघरच्या सर्वेक्षणाचं काम लागलं होतं. त्यातली एक सांगत होती, "दारात उभं राहून 'ताप आहे का' विचारलं की सगळीकडे 'नाही'च. मग मी आधी विचारायला लागले, 'वहिनी, तुम्हाला न्यावं लागलं तर घरी कोण आहे?' की ती बाई बोलायला लागायची."

याचा अर्थ 'माझं मी बघून घेईन' हे म्हणणं मला पटतं असा नाही. श्वास कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. 2021 च्या मार्चमध्ये नागपुरात पुन्हा 15 ते 21 तारखेपर्यंत टाळेबंदी लागली, तेव्हाही "आमच्या घरचं कार्य आहे, पन्नास माणसांनी काय होतं" म्हणणारे होतेच. एप्रिलमध्ये तीच घरं खाटेसाठी आणि ऑक्सिजनसाठी फोन फिरवत होती. घराबाहेर जाणं तेवढे दिवस थांबवावंच लागतं. फक्त ते किती दिवस आणि कशासाठी, हे सांगायला हवं. लसीबाबत सर्वोच्च न्यायालयानं 2 मे 2022 रोजी जवळपास हेच सांगितलं: कोणालाही बळजबरीनं लस टोचता येणार नाही, लोकांच्या आरोग्यासाठी सरकार बंधनं घालू शकतं, पण ती प्रमाणात असली पाहिजेत.

आणि प्रमाण सरकारनंच पाळायचं, असं थोडंच आहे? कामवाल्या बायांना फाटकात अडवायला आपल्या बिल्डिंगांना कोणाचा हुकूम लागला नाही. त्याच जिन्यानं भाचे-पुतणे खुशाल येत होते. बाई आली नाही म्हणून कित्येकींनी तिचा पगारही कापला. सुरक्षितता आपली आणि उपास तिच्या पोरांचा! पगार बंद झालेली बाई ताप लपवूनच चार घरी कामाला जाणार, एवढं तरी आपल्याला कळायला हवं होतं.

मागच्या महिन्यात आमच्या बिल्डिंगच्या सभेत मी एक वही सुरू करायला लावली. उद्या पुन्हा अशी साथ आली तर कोणाचं घर बंद झाल्यास डबा कोण देईल, मुलं कोणाकडे झोपतील, म्हाताऱ्यांची औषधं कोण आणेल, ते नावानिशी त्यात लिहिलं आहे. पहिल्या पानावर बायांचा पूर्ण पगार. खजिनदार म्हणाले, "पगाराचं यात काऊन जी?" मी त्यांना वरचा हिशोब सांगितला. सध्या तरी त्यांनी सही केली आहे.