सावली पाहून दिलेला सल्ला

नांदेडच्या माझ्या दवाखान्यात उन्हाची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांना कॅन्सरची भीती नसते. कुणाला वांग घालवायचा असतो, कुणाला लग्नाआधी उजळायचं असतं. आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन अतिनील किरण बरेचसे अडवतं; त्यामुळे त्वचेचा कॅन्सर गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा आपल्याकडे खूपच कमी. ज्याला खरोखर जपायचं, तो मात्र उन्हाबद्दल विचारतच नाही.

असा मुलगा येतो शाळेत चिडवतात म्हणून. जन्मापासून पांढरे केस, गुलाबी कातडी, उजेडात मिटणारे, सतत हलणारे डोळे. हा अल्बिनिझम. आई खालच्या आवाजात म्हणते, "ग्रहणात भाजी चिरली होती, साहेब." आधी तो सल काढावा लागतो. बहुतेक प्रकारांत आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हे होतं. मामाच्या मुलीशी लग्न चालणाऱ्या आपल्या भागात म्हणून नातं विचारतो.

मग ऊन. घड्याळापेक्षा सावली सांगितलेली पटते: आपली सावली उंचीहून आखूड झाली की आडोसा धरायचा. मेच्या मध्यावर तर नांदेडात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते.

"रानात कुठला आडोसा, साहेब? उद्या ह्यालाबी रोजानंच जायचंय," बाप म्हणतो.

म्हणून भर कपड्यावर. गांधी टोपीनं कान-मान उघडे राहतात. आजोबांचा रुमाल मानेवरून, कानांवरून घेता येतो. मुलाचा सदरा मी उजेडासमोर धरतो. धुऊन विरलेल्या कापडातून पलीकडचं दिसलं, तर किरणंही आत जाणार. घट्ट विणीचा, गडद, पूर्ण बाह्यांचा बरा. क्रीम शेवटी: एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, उन्हात असेपर्यंत दर दोन तासांनी. एवढं लावायचं तर ट्यूब भराभर संपते. म्हणून कपड्यानं झाकलं न जाणारं अंगच तिच्यासाठी राखायचं.

महिनाभरात न भरणारी, खपली निघून पुन्हा रक्त येणारी जखम लगेच दाखवा, हे दोनदा सांगतो. भाजल्याचा जुना व्रण असलेल्यांनाही हेच सांगतो. तिथला कॅन्सर उन्हाशिवायही होतो.

उन्हानं केलेलं नुकसान लहानपणापासून साठत जातं. त्यामुळे औषधांच्या चिठ्ठीसोबत मुख्याध्यापकांनाही एक चिठ्ठी देतो: कवायत सकाळी किंवा सावलीत, टोपीला मुभा, फळ्याजवळचा बाक.