गावच्या निवाड्याचे रिकामे पद

महाराष्ट्रात न्यायाधीश मतदानाने निवडला जात नाही. तालुक्याच्या न्यायालयातील दिवाणी न्यायाधीशाचे पद लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरले जाते, आणि ते रिकामे झाले तर तेथे कोणाला पाठवायचे हे उच्च न्यायालय ठरवते. मात्र निवाड्याच्या जवळ जाणारे एक पद गावाने स्वतः भरायचे असते, ते म्हणजे तंटामुक्त गाव समितीच्या अध्यक्षाचे. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत ही समिती ग्रामसभेने, म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेल्या सर्वांच्या सभेने, निवडावी असे ठरले. जालना जिल्ह्यातील मंठा तालुक्यात हेलस, तळणी, उस्वद यांसारख्या गावांना ही व्यवस्था लागू झाली. खुद्द मंठा शहरात आता नगरपंचायत असल्याने तेथे ग्रामसभाच उरलेली नाही.

जुन्या काळी पद रिकामे होण्याचा प्रश्नच फारसा उद्भवत नसे. तंटा गोतसभेपुढे, म्हणजे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि मिरासदार यांच्या बैठकीपुढे येई, आणि तेथील जागा वतनाने चालत आलेली असल्यामुळे बापामागून मुलगा तिच्यावर बसे. मराठवाडा १९४८ मध्ये निजामी अमलातून मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्याला जोडला गेला, आणि त्यानंतर आलेल्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने न्यायपंचायतीची तरतूद केली, जिच्यात ग्रामपंचायतींनी निवडून दिलेले पंच छोट्या रकमेचे दावे आणि किरकोळ गुन्हे ऐकत. ही संस्था महाराष्ट्रात रुजली नाही आणि सत्तरच्या दशकात ती रद्द झाली. वतनाची जागा निवडीने घेतली हा त्या प्रयोगाचा खरा लाभ होता, आणि संस्था गेली तरी तो विचार टाकाऊ ठरत नाही.

तंटामुक्ती समितीला न्यायपंचायतीएवढेही अधिकार नाहीत. ती दंड करू शकत नाही, समन्स काढू शकत नाही. बांधाचा वाद, विहिरीवरील पाण्याची पाळी, भावकीतील वाटणी अशा बाबतींत दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून समझोता घडवणे एवढेच तिचे काम. फौजदारी बाबतीत कायद्याने आपसांत मिटवण्यास मुभा दिलेले गुन्हेच तिच्यापुढे येऊ शकतात. त्यांची यादी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे, आणि स्त्रीवरील अत्याचार किंवा जातीय छळ समितीत मिटवणे हा उघड अन्याय होय. हाती सत्ता नसल्यामुळे अध्यक्षाचे सारे बळ गावाच्या विश्वासात असते, आणि म्हणूनच त्याचे पद कसे भरले जाते याला इतके महत्त्व आहे.

अध्यक्षाचे निधन झाले, त्याने राजीनामा दिला किंवा तो गाव सोडून गेला, तर पुन्हा ग्रामसभेकडेच जावे लागते. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी धरली जाते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. त्यामुळे हजार-पंधराशे मतदारांच्या गावाचा अध्यक्ष मूठभर माणसांच्या साक्षीने सर्वानुमते निवडला गेल्याची नोंद इतिवृत्तात होऊ शकते. सूचक आणि अनुमोदक मिळाले, हरकत आली नाही, की काम संपते.

येथे मंठ्याच्या जीवनाचा एक कठोर भाग आडवा येतो. जिल्ह्याच्या या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि गाळप हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. ग्रामसभा भरवण्याच्या रूढ दिवसांपैकी २६ जानेवारी नेमका या काळात येतो. त्या दिवशी रिकामे पद भरले, तर ज्यांचे बांध मागे कोरले गेले, ज्यांच्या घराच्या जागेवर अतिक्रमण झाले आणि ज्यांना निवाड्याची सर्वाधिक गरज आहे, तीच माणसे निवडीतून वगळली जातात. हा दोष कोणाच्या हेतूचा नसून दिनदर्शिकेचा असला, तरी त्याची किंमत गरीब कुटुंबेच मोजतात.

न्यायपदे निवडणुकीने भरणाऱ्या देशांतही हा पेच येतो. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात स्थानिक ‘जस्टिस ऑफ द पीस’ हा निवडून येतो, पण मुदतीआधी पद रिकामे झाले तर परगण्याचे आयुक्त मंडळ पुढील सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत एखाद्याची नेमणूक करते. त्यामुळे काम थांबत नाही, आणि अखेरचा शब्दही मतदाराकडेच राहतो.

मंठ्यातील गावांना यातून घेण्यासारखे आहे. हिवाळ्यात पद रिकामे झाल्यास समितीतील एखाद्या सदस्याकडे काम तात्पुरते सोपवावे आणि कायम निवड १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत करावी. तो विषय आयत्या वेळच्या विषयांत न ढकलता सभेच्या नोटिशीत लिहून चावडीवर लावावा आणि दवंडी द्यावी. पद रिकामेच राहिले तर शेतरस्त्याचा साधा वादही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारापुढे जातो, आणि तारखांना हजर राहण्यासाठी शेतमजुराला आपला रोज बुडवावा लागतो. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पुढील ग्रामसभेची नोटीस काढण्यापूर्वी आपल्या गावच्या समितीचे अध्यक्षपद भरलेले आहे की नाही, हे एकदा तपासून पाहावे.