चागोस: तोडलेली बेटे, नवे नाव

हिंदी महासागरातली चागोस बेटे १८१४ च्या पॅरिस तहाने मॉरिशससोबत फ्रेंचांकडून ब्रिटिशांकडे आली. कारभार मॉरिशसमधूनच चाले. १९६५ मध्ये, मॉरिशसच्या स्वातंत्र्याआधी, ब्रिटनने ती तोडली आणि सेशेल्सची अल्डाब्रा, फारकर, देरोश जोडून ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ असे नाव दिले. १९७६ मध्ये ही तिन्ही सेशेल्सला परत गेली, नाव टिकले.

या फेरफारात रहिवाशांना कुणी विचारलेच नाही. चागोसमधील दिएगो गार्सिया बेटावरील अमेरिकी तळासाठी १९७३ पर्यंत सगळ्यांना हुसकावले गेले. हा अन्याय अक्षम्य आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये सल्लादर्शक मत दिले: ब्रिटनने इथला ताबा लवकरात लवकर सोडावा. मे २०२५ मध्ये सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सह्या झाल्या. तळासाठी दिएगो गार्सिया ९९ वर्षे ब्रिटनकडे ठेवण्याची तरतूद त्यात आहे.