घाई नको, घोडा लहान आहे!

ऑलिंपिकमध्ये तालावर पावलं टाकणारा घोडा टीव्हीवर कधी पाहिलाय का तुम्ही? पाठीवरची बाई तर नुसती बसल्यासारखी दिसते. ना ओढाताण, ना आरडाओरड. मग घोड्याला हे सगळं कळतं तरी कसं? या विद्येचं नाव ड्रेसाज. शब्द फ्रेंच, अर्थ साधाच : शिकवण. आणि खरी गंमत स्पर्धेत नाही, या शिकवण्यातच आहे, बरं का!

घोडा तीन-चार वर्षांचा झाला की धडे सुरू होतात. आधी लांब दोरीवर गोल फिरवायचं, मग पाठीवर खोगीर, मग माणूस. नवं ओझं आलं की बिचाऱ्याचा तोल जातो. पहिल्यांदाच डोक्यावर भरली कळशी घेतलेली मुलगी कशी चालते, अगदी तसाच तो चालतो! म्हणून पहिल्या वर्षी नाचबीच काही नाही. सरळ चालायचं, एका लयीत दुडक्या चालीनं जायचं, सांगितलं की थांबायचं. तेही रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. त्याची हाडं पुरती भरायला पाच-सहा वर्षं लागतात. ऑलिंपिकच्या या स्पर्धेत ८ वर्षांखालचा घोडा घेतच नाहीत, ते उगीच नव्हे.

मग एवढी वर्षं आनंद मानायचा कशात? छोट्या छोट्या गोष्टींत! पोटरीचा हलका दाब दिला, घोडा पुढे निघाला, की त्याच क्षणी दाब सोडायचा. ही सूट म्हणजेच त्याची शाबासकी. मग एके दिवशी तो मान सैल सोडतो, नाकानं फुर्रर्र करतो, एक कान मागे वळवून तुमच्याकडे लक्ष देतो. त्या दिवशी घरी जाताना आपलीच पावलं हलकी पडतात!

आणि नाही जमलं तर? मारून-ओढून काम होत नाही. भ्यालेला घोडा पाठ ताठ करतो, शेपूट झटकतो. गेलेला विश्वास परत मिळवायला मग महिनोन्‌महिने जातात. त्यापेक्षा मागच्या सोप्या धड्यावर यावं, तो नीट करून घ्यावा, मानेवर थोपटावं आणि गोडीगुलाबीनं त्या दिवसाचं काम संपवावं.

या धीराचं मोल किती, ते डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी दाखवलं. १९४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पोटुशी असतानाच त्यांना पोलिओ झाला. गुडघ्यांखाली पाय लुळेच राहिले. पोटरीचा दाब द्यायचा कसा? त्यांनी आपल्या जुबिली घोडीला पाठीचा आणि अंगाच्या भाराचा इशारा ओळखायला शिकवलं. १९५२ साली हेलसिंकीला बायकांना या ऑलिंपिक स्पर्धेत प्रथमच प्रवेश मिळाला. लिसना घोडीवर चढायला-उतरायला दुसऱ्याचा हात लागे. पण त्यांनी पुरुषांच्या बरोबरीनं उतरून रौप्यपदक मिळवलं! १९५६ साली पुन्हा एकदा.

पदक एका दिवसाचं. त्यामागच्या सकाळी कितीतरी. म्हणून लहान घोडा शिकवणाऱ्यानं ‘अजून किती राहिलं?’ असं विचारूच नये. ‘आज काय जमलं?’ एवढंच विचारावं. घरात पाटी गिरवणारं पोर असेल, तर हे तुम्हांला वेगळं सांगायला का हवं?